उचापतीची वही आणि उसाचे गाव

व्यापारी घरात वाढलेल्या माणसाला ‘उचापत’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिऱ्हाईक माल नेते, वहीत नावे पडते आणि हंगामाला हिशेब होतो. आमच्या वडिलांच्या किराणा दुकानात दिवाळीच्या वहीपूजनापूर्वीचे पंधरा दिवस या खतावणीतच जात असत. पुढे मी वाणिज्य शाखेत पदव्युत्तर शिक्षण घेऊन बँकेत लागलो, आणि तारण, जामीन व मुदत यांच्या भाषेत विचार करू लागलो. उचापतीचा जुना व्यवहार मागे पडला असे वाटत असतानाच तो मला पुन्हा दिसला, तोही हिंदी महासागरातील एका बेटावरच्या खेड्यात. दुकानदार चिनी होता, गिऱ्हाईक मराठी होते आणि वहीचे नाव फ्रेंच होते.

मॉरिशस म्हटले की आपल्या घरांतील तरुण मंडळींना मधुचंद्र आठवतो, आणि शेअर बाजाराशी संबंध असलेल्यांना १९८२ चा दुहेरी कर टाळण्याचा करार आठवतो. बँकेने १९९४ मध्ये मला तीन वर्षांसाठी तिकडे पाठवले, तेव्हा माझी माहितीही याच्या फारशी पुढे नव्हती. पोर्ट लुईच्या आमच्या शाखेत एक मराठी आडनावाचा स्थानिक सहकारी होता. त्याचे मूळ घर पश्चिमेकडील रिव्हिएर न्वार जिल्ह्यातील कास्कावेल या गावी होते. पहिल्याच महिन्यात तो मला तिथे घेऊन गेला आणि नंतर माझे बरेचसे रविवार त्या गावात गेले. बेटाचे किनारे सुंदर आहेत, त्यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला लिहायचे आहे ते किनाऱ्यापासून थोडे आत, उसात बुडालेल्या या गावाविषयी.

बेटाचा विस्तार सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढा. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. आग्नेयेकडून येणारे वारे आपला बहुतेक पाऊस मधल्या पठारावर टाकून येतात, त्यामुळे पश्चिमेची बाजू कोरडी राहते आणि तिथला ऊस पाटाच्या पाण्यावर वाढतो. जमीन ज्वालामुखीच्या दगडांची. शेते मोकळी करताना वेचलेल्या काळ्या दगडांचे मनोरे ठिकठिकाणी उसाच्या मधोमध उभे आहेत. पर्यटक त्यांची छायाचित्रे काढतात. ते दगड कोणी वाहिले, हे मात्र त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांनाच माहीत असते.

हे लोक तिथे पोहोचले कसे, हे थोडक्यात सांगतो. १ फेब्रुवारी १८३५ रोजी बेटावरील गुलामगिरी संपली. त्याच्या तीनच महिने आधी, २ नोव्हेंबर १८३४ रोजी, ‘अ‍ॅटलस’ नावाच्या जहाजाने कलकत्त्याहून ३६ करारबद्ध मजूर उतरवले. १९१० पर्यंत ही संख्या साडेचार लाखांच्या घरात गेली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांतातले, पुष्कळसे मद्रास इलाख्यातले, आणि मुंबई बंदरातून गेलेले कोकण व घाटावरचे काही हजार. करार पाच वर्षांचा, मजुरी सुरुवातीला महिना ५ रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर आले नाही तर दोन दिवसांची मजुरी कापली जाई. या नियमाला तिकडे ‘डबल कट’ म्हणत. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र असलेला परवाना सतत जवळ बाळगावा लागे. तो नसेल तर भटक्या म्हणून अटक.

या सर्वांच्या नोंदवह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत. क्रमांक, जहाजाचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, उंची, अंगावरची खूण. माझ्या सहकाऱ्याने आपल्या खापरपणजोबांची नोंद काढून आणली होती. बँकेतल्या माणसाला ती वाचताना वेगळेच वाटते, कारण तिचा साचा खाते उघडण्याच्या अर्जासारखा आहे, फक्त सही कोणाचीच नाही. कारकुनाने ऐकू आले तसे स्पेलिंग लिहिले, आणि मजुराचे पहिले नाव पुढच्या पिढ्यांचे आडनाव झाले. त्यामुळे तिकडे आडनावांतच आपली जुनी नावे सापडतात. बोली मात्र क्रेऑल. मराठी उरली ती पूजेत, लग्नाच्या गाण्यांत, जाखडीच्या ठेक्यात आणि शाळेच्या तासाला. गणेशचतुर्थी तिथे १८९६ पासून साजरी होते आणि आज ती सार्वजनिक सुटी आहे. ती ऐन ऊसतोडीत येते, म्हणजे गावाच्या हातात पैसा असताना. कोकणातही एवढी सोय नाही, असे मी एकदा विनोदाने म्हणालो होतो.

गावाचे वर्ष दोन भागांचे. जून ते डिसेंबर ‘कुप’, म्हणजे तोड. त्यानंतरचे ‘लांत्रकुप’, म्हणजे दोन तोडींमधला रिकामा काळ. पहिल्यात काम, मजुरी, बोनस. दुसऱ्यात थोडीफार खुरपणी, आणि त्याच महिन्यांत चक्रीवादळेही. सहा महिन्यांच्या कमाईवर बारा महिने खायचे, हा त्या जीवनाचा मूळ हिशेब. आपल्याकडे ऊसतोड मजुराला मुकादम उचल देतो आणि मग हंगामभर ती फेडून घेतो. तिकडे मुकादमाच्या जागी ‘सरदार’ होता आणि आपली दलाली घेत होता. परंतु रिकाम्या महिन्यांत घर चालवण्याचे काम सरदाराने केले नाही. ते चिनी दुकानाने केले.

दुकानाला ‘लाबुतिक’ म्हणत आणि उचापतीच्या वहीला ‘कार्ने’. तिठ्यावर पत्र्याचे छप्पर, लाकडी फळ्यांचे दार, आत उंच गल्ला, मागे दुकानदाराचे बिऱ्हाड. पहाटे पाचला, मजूर शेतावर निघण्यापूर्वी, दुकान उघडे असे. पाव बाटली तेल, दोन मेणबत्त्या, अर्धा वीट साबण, एक सुटी सिगारेट. जेवढी गरज तेवढाच माल. वह्या दोन. एक घरी, दुसरी दुकानात. घरच्या वहीत तारीख आणि आकडा. दुकानातल्या खतावणीत गिऱ्हाइकाचे नाव चिनी अक्षरांत. आपल्या जुन्या पेढ्यांतील मोडीसारखीच ती लिपी, घरच्या माणसाखेरीज कोणाला न लागणारी. माझ्या सहकाऱ्याच्या आईच्या नावाऐवजी त्याने काहीतरी वर्णनच लिहिले असावे, कारण विचारल्यावर तो हसला आणि विषय बदलला.

साखळी कशी होती पाहा. तांदूळ आणि डाळ आयात करणारे व्यापारी पुष्कळसे गुजराती, मेमन आणि सुरती. पोर्ट लुईची जुम्मा मशीद मेमन व्यापाऱ्यांनीच १८५० च्या दशकात उभारलेली आहे. त्यांच्याकडून माल चिनी घाऊक व्यापाऱ्याकडे जाई, तो आपल्या भाऊबंदाला खेड्यात उधार देई, आणि खेड्यातला दुकानदार मजुराला. तोड संपली की पैसा याच वाटेने उलटा वर चढे. मॉरिशसने १८७६-७७ मध्ये रुपया हेच चलन स्वीकारले, त्याला हिंदुस्थानशी चाललेला हाच व्यापार आणि हेच मजूर कारण होते.

बँकेत कर्जप्रकरण तयार करताना आम्ही उत्पन्नाचा दाखला, तारण, दोन जामीन असे सगळे मागत असू. या दुकानदाराकडे यांपैकी काहीही नव्हते. मी त्याला एकदा विचारले, मर्यादा कशी ठरवता? तो म्हणाला, “घरातले पोर वही घेऊन आले की देतो. मोठा माणूस स्वतः आला आणि वही घरी राहिली म्हणाला, की विचार करतो.” पतमापनाचे एवढे नेमके सूत्र मी प्रशिक्षण वर्गात ऐकले नव्हते. तो त्याच गावात राहत होता, त्याची मुले त्याच शाळेत जात होती आणि वादळ आले की पत्रा त्याचाही उडत होता. १९६० च्या फेब्रुवारीअखेर आलेल्या ‘कॅरोल’ वादळाने गवती व पत्र्याची हजारो घरे जमीनदोस्त केली आणि त्या वर्षीचे साखरेचे उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले. गावातील वृद्ध सांगत, त्या वर्षी दुकानदाराने वसुली थांबवली आणि नवी पाने जोडली. त्यात धर्मादाय किती आणि व्यवहार किती, हे ठरवण्याच्या भरीला मी पडत नाही. गिऱ्हाईक उपाशी राहिले तर पुढच्या हंगामाची वसुली कोणाकडून करणार, हा विचारही असणारच.

या व्यवस्थेचे मला कौतुक आहे, पण भाबडे नाही. व्याज वेगळे लावले जात नसे, ते भावातच असे. रोखीने शहरात घेणाऱ्यापेक्षा वहीवर घेणारा अधिक मोजत होता. आणि बहुतेक दुकानांना दोन दारे असत, एक किराण्याचे, दुसरे रमचे. पगाराच्या दिवशी बायका वही घेऊन किराण्याच्या दारात आधीच उभ्या राहत, पैसा दुसऱ्या दारातून आत जाण्यापूर्वी वहीत जमा व्हावा म्हणून. माझ्या सहकाऱ्याची आई चौदाव्या वर्षापासून उसात राबलेली बाई. लांब बाह्यांचा सदरा, डोक्याला फडके, त्यावर गवती टोपी, पायांत रबरी बूट, अशी ती दुपारी घरी येई आणि मग चूल. “वही माझ्या हातात होती म्हणून पोरे शिकली,” असे ती सुनेकरवी मला म्हणाली होती. तिची मराठी मोजक्या शब्दांची, बाकी सारे क्रेऑलमध्ये.

गावाच्या हाती जमीन आली तीही अशीच, तुकड्यातुकड्यांनी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरेचे भाव पडले तेव्हा मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकल्या आणि जुन्या मजुरांनी पै-पै साठवून त्या घेतल्या. मोजणीचे एकक ‘आर्पां’, आपल्या एकरापेक्षा किंचित मोठे. एक-दोन आर्पांचा धनी तिकडे ‘छोटा प्लांटर’ म्हणवतो. १९१३ मध्ये सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि या शेतकऱ्याला दुकानदाराव्यतिरिक्त दुसरा दरवाजा मिळाला. कारखानदाराशी त्याचे नाते मात्र सरळ नव्हते. १९३७ मध्ये ‘युबा’ जातीच्या उसाला १५ टक्के कमी भाव देण्याचे ठरले, आणि ही जात नेमकी लहान शेतकऱ्यांचीच असल्याने दंगल उसळली. पूर्वेकडील युनियन फ्लाक येथे गोळीबारात चौघे मेले. भावातील फरकासाठी माणसे मेली, हे व्यापाऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे.

स्वातंत्र्य १२ मार्च १९६८ रोजी मिळाले. त्याआधी काही वर्षे जेम्स मीड या अर्थशास्त्रज्ञाने आपल्या अहवालात बेटाच्या भवितव्याचे चित्र बरेच निराशाजनक रंगवले होते. लोकसंख्या वाढती, पीक एकच, बाजार दूर. पुढे मीडना नोबेल मिळाले, पण बेटाने त्यांचे भाकीत खोटे ठरवले. १९७५ च्या करारान्वये युरोप वर्षाला सुमारे ५ लाख टन साखर हमीभावाने घेऊ लागला. १९७० पासून निर्यातक्षेत्रात कापडाचे कारखाने आले आणि पहाटे गावच्या तिठ्यावर मुलींना नेणाऱ्या गाड्या थांबू लागल्या. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. हिवताप, ज्याने १८६० च्या दशकात बेटावर हजारो बळी घेतले होते, तो हटला. घरे सिमेंटची झाली, आणि प्रत्येक गच्चीवर लोखंडी सळया आकाशाकडे तशाच उघड्या ठेवल्या गेल्या, मुलाचे लग्न झाल्यावर वरचा मजला चढवायला. मी पाहिले ते गाव या टप्प्यावरचे होते. गरिबी सरलेली, बचत सुरू झालेली आणि तरीही वही चालूच.

मग हमीभाव गेला. २००६ पासून युरोपने साखरेचा दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि पुढे कोटाही संपला. कारखान्यांनी मजुरांसाठी स्वेच्छानिवृत्ती आणली, रोख रक्कम आणि घरापुरता जमिनीचा तुकडा. आमच्या बँकांतही २०००-०१ मध्ये अशीच योजना आली होती आणि माझे अनेक सहकारी पंचावन्नाच्या आत घरी बसले. त्यामुळे सहकाऱ्याच्या आईने फोनवर “आम्हालाही कागद आला” असे सांगितले तेव्हा मला जास्त विचारावे लागले नाही. एके काळी वीसच्या आसपास असलेले कारखाने आता तीन उरले आहेत. कास्कावेलच्या शेजारचा मेदिनचा कारखाना, ज्याच्या भोंग्यावर गावाचे घड्याळ लावले जात असे, बंद झाला.

२०२४ मध्ये मी सपत्नीक पुन्हा गेलो. कास्कावेल हे नाव आज बेटावर बहुतेकांना ठाऊक आहे ते एका मोठ्या मॉलमुळे. जुने दुकान बंद आहे. दुकानदाराची मुले कॅनडात स्थायिक झाली आणि तोही गेला. जाण्यापूर्वी त्याने तीन महिने आधी सांगून प्रत्येक वही मिटवली. जे जमले ते लोकांनी दिले, मृतांच्या खात्यांवर त्याने रेघ मारली, आणि कोणाचेही येणे दुसऱ्या कोणाला विकले नाही. वसुलीची खाती तिऱ्हाइताला विकण्याची रीत बँकिंगमध्ये आता रूढ आहे, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

म्हाताऱ्यांना तिथे पैशाची ददात नाही. सर्वांना वृद्धापकाळ वेतन मिळते आणि बसप्रवास मोफत. हे वेतन साठाव्या वर्षी सुरू होई. २०२५ च्या अर्थसंकल्पात ती मर्यादा हळूहळू ६५ वर नेण्याचे जाहीर झाले, त्यावरून बरीच खळबळ उडाली. माझ्या सहकाऱ्याची आई ऐंशीच्या घरात असल्याने तिला त्याची झळ नाही. तिची अडचण वेगळी आहे. वीस तारखेला घरात कोणी नसताना औषध संपले, तर मॉलमधली मुलगी तिला ओळखत नाही. ती कार्ड मागते. कार्ड थोरल्याकडे असते, आणि थोरला, म्हणजे माझा सहकारी, आता पठारावर कात्र बोर्नला राहतो. दुसरा मुलगा लंडनला, तिसरा आयर्लंडला.

तिच्या नावावर सव्वा आर्पां ऊस होता. आता त्यात गवत आहे. मी निवृत्त बँकवाला म्हणून तिने मला समोर बसवून हिशेब करायला लावला. तोडणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही. जवळचा कारखाना नसल्याने ट्रकचे भाडे वाढले. कारखाना आपला हिस्सा ठेवून घेतो आणि उरलेल्या साखरेचा भाव सर्व उत्पादकांच्या सिंडिकेटकडून कळेपर्यंत वर्ष उलटते. कागदावर शिल्लक उणे येत होती. एक बांधकाम व्यावसायिक तो तुकडा मागत होता. जी रक्कम तो देऊ करत होता, ती ठेवीत टाकली तर तिचे व्याज उसाच्या कोणत्याही चांगल्या वर्षापेक्षा अधिक होते. मी तसे स्पष्ट सांगितले. सून क्रेऑलमध्ये समजावून देत होती.

तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पैसे बँकेत ठेवले, तर माझ्या मागे पोरांना काय करावे लागेल?”

मी म्हणालो, “कागदपत्रे दिली की आपापला वाटा ज्याच्या त्याच्या खात्यावर जाईल. कोणाला यावेही लागणार नाही.”

“आणि जमीन असली तर?”

तिकडचा वारसाकायदा फ्रेंच वळणाचा. मुलांना समान वाटे आणि सगळा व्यवहार नोटरीसमोर. मी म्हणालो, “तिघांना नोटरीपुढे बसावे लागेल.” कायद्याने मुखत्यारपत्राचीही सोय आहे, तेही तिला सांगितले. ते तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले.

“मग असू दे, भाऊ,” ती मराठीत म्हणाली.

माझ्या हातातला कागद मी घडी करून खिशात ठेवला. त्या आकड्यांत चूक नव्हती आणि आजही मी तोच सल्ला देईन. पण बँकेतील एवढ्या वर्षांत वारसांची असंख्य खाती मी एका सहीने निकाली काढली होती, आणि ते काम सोपे असणे हाच त्याचा दोष असू शकतो, हे कोणत्याही ठेवीदाराने मला असे सांगितले नव्हते.

सकाळी सहाला मोटारसायकलवरून पाववाला अजून गावात येतो आणि हॉर्न वाजवतो. त्याच्याशी मात्र तिचा हिशेब महिनाअखेरचा आहे. गवत वाळले की आग लागते म्हणून ती दर दोन महिन्यांनी एका माणसाला पैसे देऊन तुकडा साफ करून घेते. सहकाऱ्याच्या परवाच्या फोनवरून कळले की बांधकामवाल्याने रक्कम आणखी वाढवली आहे, धाकट्याने आयर्लंडहून होकार कळवला आहे, आणि आई सही करत नाही.